अंथरुणावरचे प्रशिक्षक

"मालनचं वय किती लिहिलंस?" रूथताईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"पंचेचाळीस. तिनंच सांगितलं."

"खोड ते. पस्तीस कर."

"ताई, तिचा थोरला मुलगा पंचवीस वर्षांचा आहे."

"मग काय झालं? लवकर लग्न झालं तिचं."

दारात चपला काढत मालन म्हणाली, "इतकं बी लवकर नाय झालं हो, ताई."

मी तेव्हा नुकतीच समाजकार्याची पदवी घेऊन कराडहून मिरजेला आले होते. रूथताई आवळे एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सांगाती' नावाची संस्था काढली. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. पण डॉक्टर तपासून गेल्यावर एकट्या म्हाताऱ्याची चादर कोण बदलणार, हा प्रश्न उरतोच. अंथरुणाला खिळलेल्या, घरात कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांकडे आमच्या बायका रोज जायच्या. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, कूस वळवायची, चार घास भरवायचे आणि गप्पा मारायच्या. एवढंच आमचं काम.

या कामाला पुण्याचं गिरिजादेवी फाउंडेशन अनुदान द्यायचं. अडचण एकच होती. फाउंडेशन दरवर्षी नवा विषय जाहीर करायचं आणि त्या विषयात बसणाऱ्या कामालाच मदत मिळायची. पहिल्या वर्षी विषय होता आरोग्य. तेव्हा काही त्रास पडला नाही. दुसऱ्या वर्षी पर्यावरण आलं. रूथताईंनी जुन्या धोतरांच्या लंगोटांना 'वस्त्रांचा पुनर्वापर' म्हटलं आणि सुटल्या. तिसऱ्या वर्षी महिला सक्षमीकरण होतं, ते आमच्या बायकांनी एका दमात पार पाडलं. बायका त्याच, म्हातारे तेच, पाणी तापवायचं पातेलंही तेच. पाटी फक्त दरवर्षी नवी.

मी रुजू झाले त्या वर्षी विषय आला, 'युवा कौशल्य'.

"आता म्हाताऱ्यांना तरुण कसं करायचं?" मी विचारलं.

रूथताईंनी खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहिलं. "आम्ही नर्सिंग शिकलो ते एका प्लॅस्टिकच्या बाहुल्यावर. त्याला कूस वळवायचो, स्पंज करायचो. बाहुला कधी ओरडला नाही, म्हणून आम्हाला वाटायचं आपलं छान चाललंय. आपल्याकडे तर खरी माणसं आहेत, हेमा. ओरडणारी. आपल्या बायका युवा प्रशिक्षणार्थी. आणि म्हातारे…"

"म्हातारे?"

"प्रशिक्षक."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "लिही," म्हणाल्या. तेव्हा मालनचं वय उतरवायची पाळी आली.

फाउंडेशनचा अधिकारी ईशान नावाचा मुलगा होता. स्वभावानं सालस, पण बोलायला लागला की भाषांतरासाठी माणूस ठेवावा असं वाटायचं. आमचा प्रस्ताव वाचून त्याचा फोन आला तो जवळजवळ ओरडतच. "मॅडम, हे तर आंतरपिढीय ज्ञानहस्तांतरण आहे!"

रूथताई फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "काय आहे म्हणतोय?"

"चांगलं आहे म्हणतोय."

"हो, तेच आहे," त्यांनी फोनवर सांगितलं.

फाउंडेशनची माणसं पाहणीला येणार असं ठरलं. सोबत स्वतः संस्थापक, आप्पासाहेब शेटे येणार होते. आप्पासाहेब मूळचे सांगलीचे, हळदीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. पुण्यात जाऊन पाइपांचा कारखाना काढला, बायको गेल्यावर तिच्या नावानं हे फाउंडेशन सुरू केलं. ईशानची एक अट होती. एखाद्या प्रशिक्षकानं थोडा वेळ मनोगत व्यक्त करायला हवं.

आता आली का पंचाईत! आमच्या प्रशिक्षकांपैकी एकीला ऐकू येत नव्हतं. एक गृहस्थ घरात येईल त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. तो त्यांचा स्वागताचा प्रकार होता. एक आजी पाहुणा आला की रडायलाच बसायच्या. उरले टिकारेकाका.

केशव टिकारे सतार करणाऱ्यांच्या दुकानांमागच्या बोळात एका खोलीत राहायचे. पडल्यामुळे कमरेखालचं अंग गेलेलं. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फिरत्या नाटक कंपन्यांत काढली होती आणि कायम द्वारपालाचं काम केलं होतं. भाला घेऊन उभं राहायचं, राजा आला की वाकायचं. पूर्ण वाक्य असं त्यांच्या वाट्याला फार क्वचित आलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"भूमिका कसली?" त्यांनी विचारलं.

"प्रशिक्षकाची."

"प्रवेश कुठून?"

"प्रवेश नाही, काका. तुम्ही आधीच पलंगावर असाल."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे पडदा उघडतो तेव्हाच मी रंगमंचावर. वा! संवाद किती?"

"एक पान."

"अख्खं?"

"अख्खं."

त्यानंतर टिकारेकाकांना ओळखणं अवघड झालं. मालन अंग पुसायला गेली की ते तिला थांबवून भाषण म्हणून दाखवायचे. मी लिहिलेलं ते भाषण भयंकर होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. 'युवा पिढीच्या कौशल्यविकासात ज्येष्ठांच्या संचित अनुभवाचे योगदान' अशी त्याची सुरुवात होती. काकांनी त्यातलं अक्षरही बदललं नाही. फक्त एकदा म्हणाले, "बाळ, तो 'आंतरपिढीय' शब्द तेवढा काढ. कवळी बाहेर येते."

पाहणीच्या दिवशी आम्ही खोली धुऊन काढली, ऊद घातला. काकांनी दाढी करून घेतली आणि इस्त्रीचा सदरा मागितला. कमरेपासून खाली पांढरी स्वच्छ चादर घातली. मालननं तिच्या मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता, पस्तिशीचं दिसावं म्हणून. तो काखेत काचत होता. त्यामुळे ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून पैलवानासारखी उभी होती.

ईशान आत आला तो हातातल्या टॅबवर चित्रीकरण करतच. मागून काठी टेकत आप्पासाहेब आले. ऐंशीच्या घरातले असतील. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चेहऱ्यावर सभा-समारंभांना बसून बसून आलेला थकवा. स्टुलावर बसले आणि कुठेच न पाहता बसून राहिले.

काकांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आवाज असा लागला की बोळातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. पहिलं वाक्य झालं. दुसरं अर्ध्यात आलं आणि काका थांबले.

मला वाटलं, विसरले. मी पुढचा शब्द हळूच सांगितला. त्यांनी मान हलवली. चेहरा पांढराफटक पडला होता. मग ऊदाच्या वासातून दुसरा वास आला.

मालनला माझ्या आधी कळलं. ती कोपऱ्यातल्या बादलीकडे सरकली आणि थांबली, कारण काय करायचं ते तिलाही सुचेना. असं झालं की काका चादर डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. आणि आज तर समोर पाहुणे होते, चित्रीकरण चालू होतं.

"काका, छान चाललंय, थांबू नका," ईशान टॅबमागून म्हणाला.

रूथताई उठल्या. "आपण सगळे जरा बाहेर थांबू या."

"कुणी जायचं नाही," टिकारेकाका म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण रूथताईसुद्धा थांबल्या. काकांनी क्षणभर डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि थेट आप्पासाहेबांकडे पाहिलं.

"भाषण पाठ आहे. पण माझं अंथरूण खराब झालंय, म्हणून आजचा धडा बदलतो. मालन, दार लोटून घे. बोळातल्यांनी तिकीट काढलेलं नाही."

मालननं दार लोटलं.

"धडा पहिला. खोलीत आलेल्यानं नाकाला हात लावायचा नाही. पडलेला माणूस आधी तुमचा हातच बघतो. साहेब, तुम्ही लावलाय."

ईशाननं झटकन हात खाली घेतला. त्याचा चेहरा हिरवा पडत चालला होता. "मी जरा… नेटवर्क…" असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर गेला आणि पुन्हा आत आला नाही.

"धडा दुसरा. विचारायचं. मालन, विचार."

मालनच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती रोजच्यासारखीच म्हणाली, "काका, कुशीवर वळायचं का?"

"वळू या. आता बघा, मी हो म्हणालो. म्हणजे अजून या देहाचा मालक मी आहे. न विचारता वळवलंत, तर मी गाठोडं." त्यांनी मान वळवली. "मालन एकटीला मी जड जातो. पाहुणे, तुम्ही या. माझा खांदा धरा."

रूथताई पुढे झाल्या, पण आप्पासाहेबांनी काठी भिंतीला लावली आणि ते उठले. पलंगापाशी येऊन त्यांनी काकांचा खांदा पकडला.

"असं नाही. पोतं उचलताय का?"

"पोतीच उचलली मी लहानपणी," आप्पासाहेब म्हणाले. आल्यापासून त्यांचं हे पहिलं वाक्य. "हळदीची."

"मग ती सवय मोडा. पंजा पसरा. हां. आता माझ्या अंगाकडे नाही, चेहऱ्याकडे बघा. खाली मालन बघेल. मालन, तुझं सुरू कर."

मालन काम करता करता बोलायला लागली. शेजारणीची नवी सून कशी चहात मीठ घालते आणि सासरा मुकाट्यानं तो कसा पितो, असलं काहीतरी. काका मध्येच "मग?" म्हणायचे. तिनं पुसलं, धुतलं, कोरडं केलं, चादर अर्धी गुंडाळून नवी घातली. ते सगळं होईपर्यंत आप्पासाहेब दोन्ही हातांनी तो खांदा धरून उभे होते.

"लाज वाटत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाटते की. मघाशी वाटलं, मरण आलं तर बरं. पण ही बया सुनेचं सांगायला लागली की लाज धरून ठेवायला सवड मिळत नाही."

आप्पासाहेब हसले. मग काकांना उताणं ठेवलं. काकांनी सदऱ्याची बटणं चाचपली आणि खोलीवर नजर फिरवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांना त्या अपेक्षितही नव्हत्या. "प्रशिक्षण संपलं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बाहेर पायरीवर मी आप्पासाहेबांच्या हातांवर तांब्यातून पाणी घातलं. ईशान लांब गाडीपाशी उभा राहून पाणी पीत होता.

"सिस्टर," आप्पासाहेब रूथताईंना म्हणाले, "तुमच्या यादीत मला घ्याल?"

"तुम्ही पुण्याला असता. आम्ही मिरजेबाहेर जात नाही. आणि तुम्ही तर हिंडताय-फिरताय."

"मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडलो होतो. दार आतून बंद. घरात मुलगा, सून, दोन नोकर. हाक मारली असती तर सगळे धावत आले असते." ते हात पुसत राहिले. "नाही मारली. कपडे नव्हते अंगावर. भिंतीला धरधरून कसाबसा उठलो. तेव्हापासून मुलानं दोन नर्सा ठेवल्यात. चांगल्या आहेत. एकमेकींशी बोलताना मला 'पेशंट' म्हणतात. पेशंट जेवला, पेशंट झोपला."

रूथताई म्हणाल्या, "मिरजेला आलात तर घेईन. अनुदान द्या, न द्या. पण रांग आहे. तुमच्यासाठी कुणाला मागे ढकलणार नाही."

"अनुदानाचं माझ्या हातात काही नाही हो," आप्पासाहेब म्हणाले. "फाउंडेशनला नाव बायकोचं आहे, पैसा माझा आहे आणि निर्णय समितीचा असतो. मला हार घालतात."

समितीचा निर्णय महिन्याभरात आला. ईशानचा आवाज पडलेला होता. कार्यक्रम समितीला फार भावला होता. चित्रीकरण अर्धवट असलं तरी हृदयस्पर्शी होतं. पण फाउंडेशनच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाचं वय साठच्या आत हवं होतं.

"साठच्या आतले म्हातारे कुठून आणू?" रूथताईंनी विचारलं.

"मॅडम, शिवाय समितीला वाटतं, हे मॉडेल मोठ्या प्रमाणावर वाढवता येणार नाही."

"वाढतंच आहे, बाळा. मिरजेत रोज कुणीतरी म्हातारं होतंय."

अनुदान थांबलं. पुढचे महिने वाईट गेले. आमच्या निम्म्या बायका दुसऱ्या कामांना लागल्या. मालननं सकाळची धुण्याभांड्याची कामं धरली आणि दुपारी ती टिकारेकाकांकडे जायची. रूथताई त्या वयात सायकलवरून घरोघर फिरायच्या. मी स्पंज करायला शिकले. त्या शिव्या देणाऱ्या गृहस्थांनी माझी आई आणि बहीण यांच्याविषयी जे सांगितलं, ते मी घरी कळवलं नाही.

मग एके दिवशी लक्ष्मी मार्केटजवळच्या एका घरातून बोलावणं आलं. एका पंच्याऐंशी वर्षांच्या आजींचा भाऊ खुब्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आला होता. ऑपरेशन झालं आणि आता तो पुण्याला परत जायला तयार नव्हता. आम्ही गेलो. पलंगावर आप्पासाहेब होते.

"मिरजेला आलोय," ते म्हणाले. "रांग किती मोठी आहे?"

"रांग आहेच आणि आमच्या बायका थोड्या उरल्यात," रूथताई म्हणाल्या, "पण तुमच्या घराच्या वाटेवरच मालन रोज जाते असं एक घर आहे. ती येईल."

त्यांचा मुलगा राजशेखर पुण्याहून आला. खोली पाहून तो हबकलाच. "आप्पा, तिकडे तुमच्यासाठी सगळं केलंय. हायड्रॉलिक पलंग आणलाय जर्मनीहून."

"तो पलंग वर-खाली होतो. बोलत नाही," आप्पासाहेब म्हणाले.

राजशेखर दुपारभर थांबला. मालन आली. तिनं त्याच्याकडे लक्ष न देता आप्पासाहेबांना विचारलं, कुशीवर वळवलं आणि तिच्या गप्पा सुरू झाल्या. टिकारेकाका आणि आप्पासाहेब यांच्यात एव्हाना मालनमार्फत रोज निरोप चालायचे. "काका म्हणत्यात, त्या हळदवाल्याला सांग, जेवण सोडलं तर प्रशिक्षणातनं नाव काढीन." आप्पासाहेबांनी उत्तर दिलं, "त्या भालेवाल्याला सांग, मीठ कमी होतं म्हणून सोडलं." राजशेखर दारात उभा राहून ऐकत होता. बाप इतकं बोलतो, हे त्याला बहुधा नवीन असावं.

पुढच्या वर्षी ईशानचा फोन आला. "मॅडम, फाउंडेशननं यंदा एक अगदी नवा विषय घेतलाय. कुणाला सुचलाच नव्हता. घरी पडून असलेले ज्येष्ठ!"

"अरे वा," रूथताई म्हणाल्या. "आम्हाला जमेल का बघू."

जमलं. पगार, पेट्रोल, चादरी, सगळं जसं होतं तसं लिहिलं आणि जसंच्या तसं मंजूर झालं. मालननं स्वतःचं खरं वय लिहायला लावलं. वर एक वर्ष जास्तच सांगितलं. वर्षभर दहा वर्षांनी लहान राहिल्याचा शीण आला म्हणाली.

आप्पासाहेब आमच्याकडे दीड वर्ष होते. थंडीत एका दुपारी मालन त्यांना पेज भरवत असताना ते गेले. टिकारेकाकांना सांगायला मी गेले. ते चिडून म्हणाले, "माझ्याआधी एक्झिट घेतली. नवखा नट. शिस्त म्हणून नाही." आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

त्या मार्चमध्ये वार्षिक अहवालाचे प्रश्न विचारायला फाउंडेशनमधून एका नव्या मुलीचा फोन आला. ईशान तोवर दुसऱ्या नोकरीला लागला होता. मी फोन स्पीकरवर ठेवून उत्तरं देत होते. शेवटचा प्रश्न होता, "वर्षभरात किती लाभार्थींना तुमच्या सेवेची गरज उरली नाही?"

मी रूथताईंकडे पाहिलं. त्या विचार करून म्हणाल्या, "खरं तेच सांग."

मी सांगितलं, अकरा.

"ग्रेट!" ती मुलगी म्हणाली. आकडा तेवढा तिनं उतरवून घेतला. कशामुळे उरली नाही, हे विचारायला तिच्याकडे जागा नव्हती.

जूनमध्ये आम्हाला पुण्याला बोलावणं आलं. फाउंडेशनच्या सगळ्या संस्थांमध्ये आमचा निकाल सर्वोत्तम ठरला होता. वातानुकूलित सभागृह होतं. व्यासपीठावर आप्पासाहेबांचा हार घातलेला मोठा फोटो. पडद्यावर आमच्या संस्थेचं नाव आणि खाली अक्षरं झळकली: 'स्वावलंबी होऊन बाहेर पडलेले लाभार्थी: सर्वाधिक.' रूथताईंनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांना सन्मानचिन्ह देण्यात आलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मला वाटलं, आता या सगळ्यांची पिसं काढणार. पण त्या माइकपाशी गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मान माझा नाही. ज्यांना आमची गरज उरली नाही, त्या अकरा जणांचा आहे. त्यांतल्या एकांचा फोटो तुम्ही इथेच लावलाय, हे बरं केलंत."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत राजशेखर शेटेही वाजवत होता. आजूबाजूच्या टाळ्या चालूच होत्या, पण त्याचे हात मध्येच थांबले. तो हळूहळू वळला आणि बापाच्या फोटोकडे पाहत राहिला.